चौथ्या मजल्याचा घाम

संध्याकाळी पाहुणे येतात, मान वर करून विचारतात,
"एसी कुठे बसवलाय?"
मी गारिकाय, रात्रपाळीचा माणूस.
चाव्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतो, म्हणतो,
"काल रात्री भरला होता. आता संपत आलाय."

ते हसतात. वहीत लिहून घेत नाहीत.

पण खरंच तसं आहे.
हरारे उंचावर. ऑक्टोबरात दुपार कातडं सोलते,
तरी रात्री दोननंतर चादर ओढून घ्यावीशी वाटते.
नऊ वाजता मी झडपा उघडतो,
तळघरातले पंखे सुरू करतो,
आणि रात्र आत यायला लागते
फरशीखालच्या पोकळ्यांतून, वाकत, खरचटत,
काँक्रीटच्या खडबडीत दातांना अंग घासत.
पहाटेपर्यंत इमारत रात्र पिते.
दिवसभर मग घोट घोट परत देते
बिलं फाडणाऱ्यांना, फोनवर भांडणाऱ्यांना,
नुसतंच बसून राहणाऱ्यांनाही.
त्यांची ऊब, त्यांचे उसासे, डब्यातल्या माशांचा वास
गच्चीवरच्या धुराड्यांतून निघून जातो.
धूर नसलेली धुराडी.
घारी बिनघोर बसतात त्यांवर.

हे म्हणे वाळवीकडून शिकले.
शिकणाऱ्यांची नावं दाराशी पितळी पाटीवर आहेत,
शुक्रवारी मीच ती चिंचेने घासतो.
वाळवी!
जिने बापाचं मक्याचं कोठार खाल्लं,
दाराची चौकट खाल्ली,
लग्नाच्या फोटोतला काका खाल्ला, टोपी तेवढी ठेवली,
तिच्याकडे घर बांधण्याची शिकवणी.
आम्ही तर तिलाच खायचो.
पंख फुटले की कंदिलाभोवती भिरभिरायची.
आई खाली पाण्याची परात ठेवायची,
सकाळी पंख पाखडून, मीठ लावून, तव्यावर.
बाप वारुळाला पाठ टेकून चघळत बसे आणि म्हणे,
बाहेरून बघ कसं तापलंय.
आतली कधी कपाळ पुसताना दिसलीय?

एकदा मी चुकलो.
ऑक्टोबरच होता. झडपांना हात लावणार
तोच फोन आला, मायदेईला कळा सुरू झाल्यात.
मी धावलो. चाव्या खिशात, झडपा बंद,
रात्र बाहेरच उभी राहिली,
आणि सकाळी कंटाळून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता
चौथ्या मजल्यावर विमा कंपनीत कॉलर ओल्या झाल्या.
फायलींचे पंखे झाले.
मोठ्या साहेबांनी कोट काढला,
आतल्या शर्टाची उसवलेली शिवण सगळ्यांनी पाहिली.
तेव्हा कुणीतरी विचारलं म्हणे,
"इथे रात्री कोण असतं?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मी तेव्हा दवाखान्याच्या बाकावर,
हातात अडीच किलोची लेक,
मुठी अशा आवळलेल्या की जणू चाव्या तिच्याचकडे आहेत.
नाव ठेवलं तोन्होद्झाय.
आमच्या भाषेत, गार करा.
मायदेई म्हणाली, हे नाव आहे की ड्युटी?

आठवड्याने पत्र मिळालं.
कामात हलगर्जी, पुन्हा असे घडल्यास, वगैरे.
जाड कागद, खाली शिक्का,
आणि वर माझं पूर्ण नाव, स्पेलिंगही बरोबर.
त्या इमारतीतल्या कुठल्याही कागदावर
ते आधी कधी आलं नव्हतं.

आमच्या घरावर पत्रा आहे.
दिवसा मी झोपायचं असतं तेव्हाच तो तापतो,
तडतडतो, लेक रडते.
भिंतींना इथे काही साठवता येत नाही,
विटा एकेरी आहेत.
मी कुशीवर वळतो, उशीखालून पत्र काढतो,
आणि तिला वारा घालतो.

चांगला लागतो वारा. कागद जाड आहे.